चेन रेस्टॉरंटमध्ये आमच्याच टेबलाकडे आधी पैसे मागितले : याला वर्णभेद म्हणावे का?

परसबाग (प्रश्न)

गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन आम्ही मेरीलँडहून व्हर्जिनियाकडे निघालो होतो. रात्री साडेनऊच्या सुमारास हायवेलगतच्या एका चेन रेस्टॉरंटमध्ये थांबलो. नाव मुद्दाम देत नाही. आई साडीत होती, बाबांनी थंडीमुळे कानांभोवती मफलर गुंडाळला होता. ऑर्डर घेऊन गेलेली मुलगी दोन मिनिटांनी परत आली आणि नऊनंतर पैसे आधी घेण्याचा नियम आहे, असे तिने अगदी सौम्य आवाजात सांगितले. मी कार्ड दिले. पैसे भरल्याची चिठ्ठी तिने केचपच्या बाटलीखाली सरकवून ठेवली.

मग माझे लक्ष त्या बाटल्यांकडेच जाऊ लागले. कोपऱ्यातल्या टेबलावर एक कृष्णवर्णीय जोडपे बसले होते. त्यांच्याही बाटलीखाली तशीच चिठ्ठी होती. आमच्यानंतर आलेले एक गोरे कुटुंब मात्र निवांत जेवले आणि जाताना गल्ल्यावर पैसे देऊन बाहेर पडले. "इथे आधीच पैसे द्यायची पद्धत आहे का गं?" असे आईने विचारले, तेव्हा मी "हो" म्हणाले. ते "हो" अजून मनातून जात नाही.

आमच्या ह्यांचे म्हणणे असे की मी राईचा पर्वत करते आहे, ती मुलगी नवखी असेल. जाणकारांना विचारायचे आहे की याला भेदभाव म्हणता येईल का, अशा प्रकारावरून पूर्वी कधी काही घडले आहे का, आणि आता काही करण्यासारखे आहे का?

जुना सॅनहोजेकर

परसबाग, तुम्ही राईचा पर्वत करत नाही आहात. आधी पैसे मागणे या एका गोष्टीवरून अमेरिकेत फार मोठे प्रकरण झालेले आहे आणि त्याची सुरुवात आमच्याच गावात झाली.

डिसेंबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये डेनीज या चेन रेस्टॉरंटच्या शाखेत कृष्णवर्णीय तरुणांचा एक गट गेला असता, बसण्यासाठी माणशी दोन डॉलर द्यावे लागतील आणि जेवणाचे पैसेही आधीच भरावे लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांच्या ओळखीची काही गोरी मुले तिथेच बसलेली होती. त्यांच्याकडे कोणी काही मागितले नव्हते. मुलांनी दाद मागितली, वकील चौकशी करू लागले, तेव्हा ठिकठिकाणच्या ग्राहकांच्या तशाच तक्रारी पुढे आल्या. वाढदिवसाचे जेवण फुकट, अशी जाहिरात कंपनी करत असे. तेही काळ्या मुलांना नाकारल्याच्या तक्रारी होत्या. केंद्र सरकारच्या न्याय विभागाने या प्रकरणात लक्ष घातले आणि मार्च १९९३ अखेर कंपनीने कॅलिफोर्नियापुरती तडजोड केली.

त्यानंतर आठवडाभरातच, १ एप्रिल १९९३ रोजी, मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस इथे जे घडले ते एखाद्या लेखकाने रचले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या नाविक अकादमीच्या भेटीनिमित्त त्यांची सुरक्षा पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसची तुकडी तिथे आली होती. सगळे एकाच गणवेशात, एकाच वेळी डेनीजमध्ये न्याहारीला बसले. एका टेबलावर सहा कृष्णवर्णीय अधिकारी होते. गोऱ्या सहकाऱ्यांना पदार्थ मिळाले, त्यांचे खाऊनही झाले, आणि हे सहा जण जवळपास तासभर रिकाम्या टेबलाशी बसून राहिले. कंपनीचे म्हणणे असे की गर्दी मोठी होती, स्वयंपाकघर मागे पडले. त्या टेबलापुरतेच का मागे पडले, याचे उत्तर त्यात नव्हते. त्या सकाळी "तुम्ही येऊ नका" असे कोणीही म्हटले नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मे १९९४ मध्ये कॅलिफोर्निया आणि मेरीलँडमधले सामुदायिक दावे कंपनीने मिटवले. वकिलांच्या खर्चासह रक्कम ५ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली. ग्राहकांच्या वाट्याचे ४ कोटी ५७ लाख डॉलर सुमारे २ लाख ९५ हजार जणांत वाटले गेले, म्हणजे सरासरी माणशी दीडशे डॉलरच्या आसपास. तेवढ्यात कोणी श्रीमंत झाले नाही, पण शाखाशाखांतून स्वतंत्र परीक्षक ग्राहक म्हणून जाऊन बसू लागले, प्रशिक्षण सक्तीचे झाले, आणि १९९५ मध्ये आलेले नवे प्रमुख जेम्स अ‍ॅडमसन यांनी भेदभाव करणाऱ्याची नोकरी जाईल, हे रोखठोक सांगितले. पुढे २००० मध्ये अल्पसंख्याकांसाठी चांगल्या कंपन्यांच्या फॉर्च्यून मासिकाच्या यादीत हीच कंपनी पहिली आली.

तवा आणि कढई

वरील माहिती योग्यच आहे, पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. मी ओहायोमध्ये अशाच एका चेनच्या फ्रँचायझीत चार वर्षे रात्रपाळीचा व्यवस्थापक होतो. जेवून पैसे न देता पळणारे लोक असतात, ते सर्व वर्णांचे असतात, आणि रात्री त्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे आधी पैसे घेण्याचा नियम स्वतःहून वाईट नाही. आमच्याकडेही तो होता. फक्त त्यात "संशय वाटल्यास" असे दोन शब्द होते आणि सगळी मेख तिथेच होती. संशय कोणाचा वाटावा, हे कुठल्याच नियमपुस्तकात लिहिलेले नसते. ते वाढणाऱ्या मुलीच्या डोक्यात असते आणि तिला ते मागच्या पाळीतल्या मुलीने शिकवलेले असते.

त्यात टिपांचा हिशोब मिसळतो. टिप मिळणाऱ्या कामगाराला केंद्रीय कायद्यानुसार मालकाने द्यायचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट एवढेच आहे. काही राज्यांत ते जास्त आहे, पण कित्येक ठिकाणी नाही. बाकीची कमाई टिपांवर. मग दारातून कोण आत येते यावरून टेबलाची किंमत ठरवली जाते. कृष्णवर्णीय कुटुंब आले की "हे टेबल तू घे" अशी ढकलाढकली मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि खोटे कशाला सांगू, साडीतल्या आजी आल्या की देसी लोक टिप देत नाहीत म्हणून तीच ढकलाढकली होत असे. ज्याला टेबल नकोच असते त्याच्याकडून पाणी उशिरा येते, दुसऱ्यांदा कॉफी विचारली जात नाही, आणि त्या ग्राहकाने मग कमी टिप ठेवली की "बघ, मी म्हटलेच होते" असे म्हणायला तो मोकळा. मी एकदा दोघांना समज दिली आणि त्यानंतर गप्प बसलो, कारण शनिवारी रात्री माणसे मिळत नसत. याचा मला अभिमान नाही.

तेव्हा त्या एका मुलीच्या मनात काय होते याच्या मागे लागू नका, ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. तुमच्या टेबलाला लावलेला नियम शेजारच्या टेबलाला लावला होता का, एवढेच धरून ठेवा. एखाद्या खानावळीत मालक म्हणेल तो कायदा असतो. चेनमध्ये नियम छापील असतो आणि प्रत्येक बिलाची वेळ संगणकात नोंदलेली असते. कोणाचे बिल जेवणाआधी फाडले आणि कोणाचे नंतर, हे त्यांच्या यंत्रात आजही दिसत असणार.

कलम आणि कागद

कायद्याविषयी थोडे लिहितो. मी सल्ला देत नाही, केवळ माहिती देतो.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणाने रेस्टॉरंटांत वंश, वर्ण, धर्म आणि मूळ राष्ट्र यांवरून भेदभाव करायला बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, अलाबामातल्या बर्मिंगहॅममधील ओलीज बार्बेक्यू या एका घरगुती हॉटेलाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अशा छोट्या उपाहारगृहालाही लागू पडतो असे ठरवले. मात्र या कायद्याखाली न्यायालय भेदभाव थांबवण्याचा हुकूम देऊ शकते. नुकसानभरपाई देत नाही. भरपाई मागायची तर वकील १८६६ सालच्या, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतर लगेच झालेल्या कायद्याकडे वळतात. करार करण्याचा हक्क सर्वांना गोऱ्या नागरिकांसारखाच असेल, असे तो सांगतो. जेवण मागवणे हाही करारच, आणि त्याच्या अटी वर्ण पाहून बदलल्या तर दावा उभा राहू शकतो. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचे संरक्षण वांशिक कुळावरून होणाऱ्या भेदभावालाही आहे असे म्हटले, त्यामुळे भारतीय वंशाच्या माणसाला तो परका नाही.

पण भाबडी आशा नको. जेवण मिळाले, फक्त वागणूक वेगळी मिळाली, अशा खटल्यांत कित्येक न्यायालयांनी हात आखडता घेतला आहे. आधी पैसे मागणे ही वेगळी अट असल्याने तुमची बाजू त्याहून थोडी बरी आहे, एवढेच म्हणेन.

जाता जाता एक सांगतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश देताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही, असे १९५० पासून लिहिलेले आहे. तेही खासगी मालकांना लागू होते. अमेरिकेला केंद्रीय पातळीवर तिथे पोहोचायला आणखी चौदा वर्षे लागली.

परसबाग

सर्वांचे मनापासून आभार. तवा आणि कढई, तुमचे प्रामाणिक लिहिणे वाचून राग आला आणि थोडा कमीही झाला.

बिल शोधले. गाडीच्या कप्प्यात पार्किंगच्या पावत्यांत सापडले. त्यावर ९ वाजून ४१ मिनिटे अशी वेळ आहे आणि जेवण आले तेव्हा दहा वाजायला आले होते, कारण बाबांनी गोळी घ्यायला घड्याळ पाहिले होते. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला काल पत्र पाठवले. त्यात कोणाला कामावरून काढा असे म्हटलेले नाही. नऊनंतरचा तो नियम लेखी स्वरूपात पाठवावा, आणि त्या रात्री नऊ ते अकरा या वेळेत किती टेबलांकडून पैसे आधी घेतले ते कळवावे, एवढेच मागितले आहे. आईलाही काल फोनवर खरे सांगितले. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, तू हो म्हणालीस म्हणून गप्प बसले."