संत्र्याच्या सालीतल्या रेणूंमधली साखर कोडने कशी ओळखायची?

सालवाला_नागपूर:
राजेहो, मदत पाहिजे. संत्र्याच्या सालीवर प्रोजेक्ट करून राहिलो, साली कळमन्याच्या मार्केटमधून आणलेल्या मृग बहाराच्या. कंपाऊंडची यादी स्माइल्समध्ये (रेणूची रचना अक्षरांत लिहायची पद्धत) तयार आहे, आता कोणत्या रेणूला साखर लागलेली आहे अन् ती काढली तर काय उरतं हे आरडीकिटने (केमिस्ट्रीची कोड लायब्ररी) पाहायचंय. रेणूत तुकडा शोधायचा नमुना, म्हणजे स्मार्ट्स पॅटर्न, साधा लिहिला, सहाची रिंग, एक ऑक्सिजन, पाच कार्बन. हेस्पेरिडिन या सालीतल्या कंपाऊंडमध्ये साखरा दोनच, रॅम्नोज अन् ग्लुकोज, पण कोड तीन दाखवतो. दोन दिवस झाले, चुकतंय कुठं?

षट्कोन:
तिसरी म्हणजे हेस्पेरिडिनच्या साखर नसलेल्या भागाची, फ्लॅव्हेनोनची, मधली रिंग आहे भाऊ, तिच्यातही एक ऑक्सिजन पाच कार्बनच असतात. पण तिचे दोन कार्बन बेंझिनच्या रिंगसोबत सामाईक आहेत आणि एकावर डबल बॉन्डचा ऑक्सिजन बसलाय, साखरेत असं नसतं. तर अटी घाल, रिंग दुसऱ्या रिंगला जुळलेली नको, बाहेर जाणारे सगळे बॉन्ड सिंगल, आणि रिंगला थेट लागलेले ऑक्सिजन किमान 3. ग्लुकोजला 4 येतात, सहाव्या कार्बनवरचा धरू नको, तो रिंगला थेट लागलेला नाही. 2020 मध्ये आलेली शुगर रिमूव्हल युटिलिटी असंच बघते, जावात आहे, सीडीके या केमिस्ट्रीच्या लायब्ररीवर, ओपन सोर्स.

औषधी_ताई:
काढताना टोकाकडून सुरू कर. आधी रॅम्नोज जाईल, मग ग्लुकोज टोकाला येतो, मग तो. मधलीच साखर आधी तोडली तर रेणूचे दोन तुकडे पडतात आणि गोंधळ होतो. बंधातला ऑक्सिजन अ‍ॅग्लायकोनकडेच, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या भागाकडे, राहू दे. बरोबर झालं तर रेणूभार 610.56 वरून 302.28 यायला हवा, म्हणजे उरलं ते हेस्पेरेटिन.

सालवाला_नागपूर:
ताई, आलं बरोबर 302.28!! खूप खूप आभार दोघांचे. मग हाच नियम कोणत्याही रेणूला चालेल ना, पुढं औषधांची यादी पण घ्यायची आहे.

औषधी_ताई:
नाही रे, तिथं जपून. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घालून बघ, त्यात क्लॅडिनोज आणि डेसोसामीन या दोन साखरा आहेत, क्लॅडिनोजला ऑक्सिजन बरोबर 3 येतात म्हणून ती सापडते, पण डेसोसामीनला 2 च, तिसऱ्या कार्बनवर नायट्रोजन आहे ना, ती सुटून जाते. डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरच्या औषधातली डॉनोसामीन साखर पण तशीच. म्हणून मी सरळ 3 ची अट 2 वर आणत नाही, मग साखर नसलेल्या रिंगाही घुसतात, त्यापेक्षा रिंगला लागलेला अमिनो नायट्रोजन ऑक्सिजनसारखाच मोजते आणि असे सापडलेले रेणू डोळ्यांनी एकदा तपासते.

सालवाला_नागपूर:
हे तर डोक्यातच नव्हतं आलं. आज रात्री दोन्ही याद्या चालवतो, काय काय सुटलं ते इथंच टाकतो.