मदत हवी आहे: आपोआप उगवलेला तेरडा हलवायचा आहे, पण गोगलगायी!

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीला राहते. गेल्या वर्षीच्या तेरड्याच्या बोंडांनी अंगणभर बी उडवलं होतं. आता पायवाटेत, चिऱ्यांच्या गडग्याच्या फटीत, तुळशी वृंदावनाला चिकटून, जिथे नको तिथे रोपं उगवली आहेत. चार-सहा पानांची झालीत. कुंपणाकडेला ओळीत लावली तर चवथीला (गणेश चतुर्थीला) फुलतील असा बेत.

काल संध्याकाळी पावसाची उघडीप बघून मातीच्या गोळ्यासकट दहा रोपं हलवली. सकाळी त्यातली सात गायब! उरले फक्त बोटभर दांडे आणि चकचकीत चिकट रेषा. रात्री बॅटरी घेऊन गेले, तर मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगायी. हातमोजे घालून बावीस वेचल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या. (सासूबाई म्हणाल्या, श्रावणात हे काय चाललंय!) चुन्याची रेघ ओढली, ती पहिल्याच सरीत वाहून गेली. थेट मातीत मीठ टाकायचं नाही, रोपंच मरतील.

रोपं आधी कुंडीत वाढवून, देठ जून झाल्यावर लावू का? की तोवर उशीर होईल? फटीतली मुळं न तुटता कशी काढता? आणि पावसात टिकणारा गोगलगायींवरचा उपाय सांगा. विषारी गोळ्या नकोत, घरात मांजर आहे.