सुपा धरण पाहायला बेळगावहून केव्हा जावे आणि तेथे नेमके काय पाहावे?

टिळकवाडीकर

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा नववीत असून त्याला शाळेच्या प्रकल्पासाठी जलविद्युत हा विषय मिळाला आहे. हिडकलचे धरण आम्ही दोनदा पाहिले आहे. पाणी कालव्यात कसे जाते हे त्याला तेथे समजले, परंतु विजेचे काही नीट उलगडले नाही. म्हणून जोयडा तालुक्यातील गणेशगुडीचे सुपा धरण पाहावे असा विचार आहे. सोबत माझे वडील असतील. त्यांचे वय ७४ आहे, त्यामुळे चढउताराची जागा टाळावी लागेल. खानापूर, लोंढा, रामनगर या मार्गाने सकाळी निघून त्याच दिवशी परत येता येईल का? दरवाजे उघडलेले दिसावेत म्हणून ऑगस्ट ठरवला आहे, तो योग्य ठरेल का? आणखी एक शंका मुलाने काढली आणि मला उत्तर देता आले नाही. एवढ्या उंच धरणाच्या पायथ्याशी केवळ १०० मेगावॅटचे वीजगृह, आणि जेथे मोठे धरणच नाही त्या काळी नदीवरच्याच नागझरी वीजगृहाला त्याच्या आठपटीहून अधिक क्षमता, हे कसे?

निवृत्त अभियंता, खानापूर

आपल्या चिरंजीवांची शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

पाण्यापासून किती वीज मिळेल हे दोन गोष्टींवर ठरते: दर सेकंदाला किती पाणी येते आणि ते किती उंचीवरून पडते. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी १०० मीटर खाली आले, तर यंत्रांतील तूट वजा जाता साधारण ८५० किलोवॅट वीज मिळते. तेच पाणी ३०० मीटर खाली आणले तर अडीच मेगावॅट मिळते. पाणी तेवढेच, वीज तिप्पट. सुपा धरण १०१ मीटर उंच आहे, परंतु जलाशयाची पातळी उन्हाळ्याकडे उतरत जाते आणि तिच्याबरोबर पाण्याची पडण्याची उंचीही घटते. म्हणून पायथ्याशी ५० मेगावॅटचे दोनच संच, म्हणजे वीज तयार करणारी यंत्रे, बसवले आहेत. खरे काम पुढे आहे. येथून सुटलेले पाणी काळी नदीच्याच पात्राने दांडेलीजवळ बोम्मनहळ्ळीच्या बंधाऱ्यात पोहोचते, तेथून बोगद्याने डोंगराच्या कडेपर्यंत जाते आणि मोठ्या नळांतून तीनशे मीटरांहून अधिक खाली नागझरीच्या सहा संचांवर आदळते. त्यापुढे कोडसळ्ळीला १२० आणि कद्र्याला १५० मेगावॅट. समुद्राला मिळण्यापूर्वी तेच पाणी चार वेळा कामाला जुंपले जाते.

तेव्हा सुपा हे मुख्यतः कोठार आहे असे समजावे. सुमारे १४५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी त्यात मावते, हिडकलच्या ५१ टीएमसीच्या जवळजवळ तिप्पट, आणि तेही सिंचनासाठी नसून विजेसाठी. चार महिन्यांचा पाऊस साठवून तो वर्षभर पुरवणे हे त्याचे काम. याच कारणाने दरवाजांची अपेक्षा ठेवून जाऊ नये. एवढे मोठे कोठार दरवर्षी भरत नाही, आणि न भरताच दरवाजे उघडण्याचा प्रश्न येत नाही. सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या वाटेने, गेलेले पाणी पायथ्याच्या संचांना मुकते, त्यामुळे प्रेक्षकाला जे दृश्य हवे असते ते तेथे काम करणाऱ्या माणसाला फारसे नको असते!

माझे मत विचाराल तर ऑगस्ट टाळून ऑक्टोबरअखेर जावे. ऑगस्टमध्ये बहुधा ढग आणि धुकेच दिसेल. पावसाळ्यानंतर जलाशय त्या वर्षापुरता भरलेला असतो आणि ३३२ मीटर लांबीची काँक्रीटची भिंत दोन डोंगरांच्या मध्ये कशी बसवली आहे हे दुरूनही स्पष्ट दिसते. एवढ्या कमी लांबीत एवढे पाणी अडवायला मिळावे अशी खिंड सहसा सापडत नाही. मुलाने वहीत पहिले चित्र तिचेच काढावे. भिंतीवर किंवा वीजगृहात प्रवेश मिळेलच असे गृहीत धरू नये. शाळेचे पत्र जोडून आधी लेखी विचारणा करावी आणि ड्रोन घरीच ठेवावा.

रामनगरवासी

वरील माहितीत थोडी भर घालतो. आपण ज्या रामनगरवरून जाणार आहात, तेथील बरीच घरे जुन्या सुप्याहून उठून आलेल्यांची आहेत, आमचेही त्यांतलेच. सुपा हे काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे तालुक्याचे गाव होते. जलाशयात ते बुडाले, कचेरी जोयड्याला गेली आणि तालुक्याचे नावही पुढे जोयडा झाले. माझ्या आजीने मात्र अखेरपर्यंत जोयडा असे म्हटले नाही, ती ‘सुपा पेट्यातले’ असेच सांगत असे. धरणाला सुपा हे नाव आहे म्हणून निदान नकाशावर ते उरले. मुलाच्या प्रकल्पात मेगावॅटच्या रकान्याशेजारी या गावासाठी दोन ओळी असाव्यात, एवढी विनंती.

प्रवासाचे म्हणाल तर पहाटे निघाल्यास एका दिवसात सहज जमते. पेट्रोल खानापूरला किंवा आमच्याकडे भरून घ्यावे, कारण पुढे जंगल आहे आणि मोबाइलचा भरवसा नाही. काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान त्याच भागात असल्याने वाटेत कोठेही गाडी थांबवून झाडीत उतरू नये. वडिलांसाठी जेवण घरूनच न्यावे हे बरे. भाषेची अडचण येणार नाही, मराठी आणि कोकणी दोन्ही चालतात.

काळीकाठचा

एकच सूचना, पण ती महत्त्वाची आहे. गणेशगुडीला राफ्टिंग चालते ते सुप्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर. संच बंद असताना पात्रातील खडक उघडे पडतात आणि लोक डबा घेऊन त्यांवर जाऊन बसतात. संच सुरू झाले की वर आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढते आणि काठाकडची वाट आधी बुडते. मुलाला नदी दाखवायची असल्यास काठावरूनच दाखवावी, आणि शक्य झाल्यास तासाभराच्या अंतराने एकाच खडकाचे दोन फोटो काढावेत. पातळी बदललेली दिसली, तर वीज केव्हा तयार होत होती हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. ऑगस्टचा बेत रद्द केला असून दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचे ठरवले आहे, शाळेकडून पत्रही मागितले आहे. रामनगरवासी यांना एक विचारायचे आहे: जुने सुपा पाहिलेले कोणी वडीलधारे आपल्याकडे असतील आणि त्यांची हरकत नसेल, तर जाताना अर्धा तास थांबून मुलाला त्यांच्याशी बोलता येईल का? माझ्या वडिलांनाही सोबत मिळेल.