पाण्याच्या ताळेबंदात भूमिहीनांचा वाटा कसा धरावा?

प्रश्न: पुढच्या ग्रामसभेत आम्हाला गावाच्या पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी मिळाले आणि ते कशाला वापरायचे याचा हिशेब, मांडायचा आहे. पाऊस लहरी झाल्यापासून विहिरींचे मालकच काय ते बोलतात. शेतमजुरांच्या वस्तीला टँकरची वाट पाहावी लागते, पण कागदावर तिचा उल्लेखही नसतो. हे कसे बदलावे?

प्रतिसाद १: पुरंदर तालुक्यातील नायगावची पाणी पंचायत अभ्यासावी. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाण्याचा हक्क जमिनीऐवजी माणसांशी जोडला: माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला मनाई. माझ्या मते उसाची अट हीच खरी कसोटी आहे, कारण वाद तिथेच पेटतो.

प्रतिसाद २: हिवरे बाजार या गावात ग्रामसभा आधी पिण्याचे व जनावरांचे पाणी बाजूला काढते आणि उरलेल्यावर पिके ठरवते, सिंचनासाठी बोअरवेलला तेथे बंदी आहे. हिशेब सोपा आहे: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद फळ्यावर खडूने लिहिली, की आकड्यांवर कोणाची मक्तेदारी राहत नाही. आणि हो, सभा मजुरीच्या वेळेत ठेवू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमची सभा सकाळी अकराला असते, तेव्हा वस्तीतील बायका खुरपणीला गेलेल्या असतात. ती संध्याकाळी घेण्याची मागणी आधी करतो.