मदत हवी आहे : आजोबांची थ्री-नॉट-थ्री (.303) रायफल
मंडळी, आजोबा कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्स या पलटणीत होते. त्यांची बंदूक वडिलांच्या लायसनवर होती. वडील गेल्यावर पोलीस ठाण्यात जमा केली. तिथं नीट बघितली. दस्त्याजवळच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, खाली इशापूर (बंगालमधला बंदूक कारखाना), 1942, 'नं. 1 मार्क 3' आणि पुढं चांदणी. म्हणजे ली-एनफिल्ड, ब्रिटिश लष्कराची जुनी रायफल, एवढं कळलं. कोडं आहे ते पुढच्या लाकडाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचं. अशी तार ग्रेनेड फेकायच्या रायफलींना मारायचे म्हणे. आमचे काका मात्र 'लाकूड फुटलं असंल' म्हणत्यात! बोल्टवरचा (गोळी आत सारणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) नंबर नळीच्या नंबराशी जुळत नाही. त्यानं बंदुकीची किंमत कितपत कमी होते? शिवाय .303 प्रतिबंधित बोअर (सामान्य माणसाला सहसा न मिळणाऱ्या मापाची नळी), मग वारसाला लायसन मिळतं का? निकामी करून घेणं जिवावर येतंय. कुणी यातून गेलंय का?