पॅनिक अटॅकच्या वेळी काय करायचं, घरच्यांना तुम्ही कसं सांगितलं?

पॅनिक अटॅक म्हणजे काय यावर आता पुष्कळ माहिती मिळते, पण घरातल्यांना नेमकं काय सांगायचं यावर कोण बोलत नाही. अटॅक चालू असताना आपल्याला तोंड उघडायचं सुधरत नाही आणि समोरचा माणूस घाबरून त्याला जे सुचेल ते करतो, कोण पाठीवर थापट्या मारतंय, कोण पाणी पाजतंय, कोण नुसतंच काय झालं काय झालं. त्यांचा तरी काय दोष, त्यांना आपण कधी सांगितलेलंच नसतं. तर इथं लिहा, कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, काय शब्दांत सांगितलं आणि पुढं त्यांनी ते पाळलं का. फसलेलं असेल तर ते आधी लिहा. कोल्हापूर आणि आसपासचे आपण बरेच जण आहोत, आपली माणसं कशी आहेत ते आपल्यालाच माहीत. नावं घालू नका, घरच्यांची पण नको.

गुजरीतला कारागीर

आमचं सोन्याचं काम बसून, एका खोलीत सगळे, हातात पेटती बत्ती. मला पहिल्यांदा आलं तेव्हा बोटं बधिर झाली, ओठाला मुंग्या आणि हात आतल्या बाजूला वळायला लागले, मला वाटलं लकवा मारला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं मुंग्या येतात, चक्कर येते, हात वळतात, लकवा बिकवा काय नाही. हे कारण कळल्यावर माझी अर्धी भीती गेली आणि शेजारी बसतो त्यालाही मी आधी हे कारणच सांगितलं. बाकी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. पहिलं माझ्या हातातली बत्ती काढून घ्यायची, काय विचारायचं नाही, सरळ काढून घ्यायची. दुसरं मला बाहेर पायरीवर बसवायचं आणि लोक जमू द्यायचे नाहीत. आपल्याकडं माणूस खाली बसला की गल्ली गोळा होते, एक जण कांदा आणतो, एक जण चप्पल हुंगायला देतो, खोटं नाही सांगत. तो आता दारात उभा राहून "काय नाही, पित्त झालंय" म्हणून लोकांना पुढं पाठवतो. शेठना अजून सांगितलेलं नाही आणि सांगेन असं वाटत पण नाही.

शिवाजी पेठ, एकत्र कुटुंब

आमच्यात मला धडधडायला लागलं की सासूबाई, म्हणजे आत्या, पहिल्यांदा मीठ-मोहरी आणि मिरच्या घेऊन यायच्या. दृष्ट काढायची आणि मग त्या मिरच्या तव्यात. आधीच श्वास पुरेना, त्यात मिरचीचा खाट, मी खोकून खोकून अजून घाबरी. नवऱ्याला म्हटलं तुम्ही सांगा तर म्हणाले तुमचं तुम्ही बघा. मग एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलेलो तेव्हा विषय काढला. दृष्ट काढू नका असं मी म्हटलंच नाही, ते म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. म्हटलं आत्या, दृष्ट काढा पण माझं सगळं थांबल्यावर काढा आणि मिरच्या मागं परसात नेऊन जाळा, त्यावेळी फक्त माझ्याजवळ बसा आणि बोलू नका. त्या म्हणाल्या, "नुसतं बसून काय व्हणार गं?" म्हटलं मला कळतं कोणतरी आहे. "मग बसतो की, त्याला काय लागतंय."

आणि बसतात खरंच. एकदा हातात जुडी घेऊनच आल्या, चार काड्या माझ्या मांडीवर टाकल्या, म्हणाल्या निवड. पानं तोडायची, देठ बाजूला, पान थंड लागतं, वास येतो, बोटांना काम मिळालं की डोक्यातलं जरा मागं पडतं. आता मेथी नसली तर लसूण असतो. दृष्ट संध्याकाळी निघते, तिचा मला काय त्रास नाही.

ईसीजी काढायचं काम करते

वरचे अनुभव छान आहेत पण एक लिहायलाच पाहिजे. आधी कधीच असं झालं नसेल आणि छातीत दुखून घाम येत असेल तर ते पॅनिक आहे असं घरी बसून ठरवायचं नाही, तपासून घ्यायचं, १०८ ला फोन करायचा. दुखणं हाताकडं किंवा जबड्याकडं जातंय, चालल्यावर वाढतंय, माणूस बेशुद्ध पडला, हार्टचा जुना त्रास आहे, तर मग आधी कितीदा पॅनिक आलेलं असलं तरी थांबायचं नाही. थायरॉईड जास्त असलं तरी अशीच धडधड होते, त्याची पण रक्ताची तपासणी होते. एकदा सगळं नॉर्मल आलं आणि डॉक्टरांनी पॅनिक म्हणून सांगितलं की मग मात्र दर वेळी ईसीजीला पळवत आणू नका. आमच्याकडं तेच चेहरे परत परत येतात, ईसीजीची पट्टी नॉर्मल येते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी पट्टी बघितल्याशिवाय बरंच वाटत नाही.

आणि कागदाच्या पिशवीत श्वास घ्यायला लावणं, ते आता सांगत नाहीत. दम्याचा किंवा हार्टचा पेशंट असला तर धोक्याचं आहे. बोलायला कोणच नसेल तर टेलिमानस म्हणून मानसिक त्रासासाठी फोन हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

तालमीतला

आमचे आण्णा स्वतः कुस्ती खेळलेले. घरात माझं सांगायचं म्हणजे पैलवान माणसाला भीती वाटते हे सांगायचं. समोरासमोर बसून मला जन्मात जमलं नसतं. रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेलतो, येताना आण्णा गाडी चालवत होते मी मागं, तोंड दिसत नव्हतं म्हणून बोललो. म्हटलं जोर मारताना छाती धडधडायला लागली की मला वाटतंय मी आता मरतोय, म्हणून मी तालीम चुकवतोय, अभ्यासाचं कारण खोटं आहे.

मी आधीच एका मॅडमकडं जात होतो समुपदेशनाला. त्यांनी मला मुद्दाम जागेवर पळायला लावलं, जिना चढायला लावला, धडधड वाढवायची आणि तसंच थांबायचं, म्हणजे धडधड झाली की धोका आहे हे डोक्यातनं निघावं. त्यांनीच सांगितलेलं की घरच्यांना यात घ्या. म्हणून आण्णांना म्हटलं, मी आज नको म्हटलं तर "बरं राहू दे" म्हणू नका, त्यानं माझं वाढतंय. म्हणा चल, दहा मिनिटं आखाड्याच्या कडेला बसून येऊ. आणि पैलवानाला असलं काय होत नसतं हे वाक्य बोलू नका, म्हणजे घरात तरी.

रंकाळा येईपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं झालं, आता उद्यापासनं बोलणंच बंद. मग म्हणाले, "वस्तादांना मी सांगू का तू सांगतोस?" बास एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे लंगोट काढून ठेवलेला.

गोकुळ शिरगाव एमआयडीसी (अटॅक मला नाही, मिसेसला येतात)

नवरे लोकांच्या बाजूनं लिहितो. पहिल्या वेळी मी तिला "शांत हो, शांत हो" इतक्या मोठ्यानं म्हणत होतो की शेजारचे आले. नंतर तिनं एक कागद लिहून स्वयंपाकघरात डब्यांच्या कपाटाला आतनं चिकटवला. कंपनीत मशीनवर असतात तशा सूचना, मला लिहिलेलं बरं पडतं. कागदावर जे आहे ते तिला विचारून देतोय:

"घड्याळ बघ. दहाएक मिनिटं चढेल, मग उतरेल, बहुतेक वेळा अर्ध्या तासात संपतं. खिडकी उघड, टीव्ही बंद कर. हात धरायचा तर आधी विचार, मी मान हलवली तरच धर. शांत हो म्हणू नकोस. हे पॅनिक आहे, मागच्या वेळी पण उतरलं होतं, एवढंच बोल, हळू बोल, एकदाच बोल. श्वास मोजायचा असेल तर तूच माझ्याबरोबर घे, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, मला ऑर्डर सोडू नकोस. आईला फोन करू नकोस. माझ्या आईला पण नको."

घड्याळाचा उपयोग तिच्यापेक्षा मला जास्त होतो असं माझं मत झालंय, नाहीतर ती दहा मिनिटं मला दोन तास वाटायची. उतरल्यावर ती पार गळून जाते, त्यावेळी कशानं आलं असेल गं अशी चौकशी करायची नाही, ते दुसऱ्या दिवशी. आणि एक, नंतर माझेच हात थरथरतात. ते मी तिला सांगितलंय, ती झोपली की मी गच्चीवर जातो. सांभाळणाऱ्याला पण कोणतरी लागतं हो, मी माझ्या मेव्हण्याशी बोलतो.

आता पुण्यात, घर कळंब्याला

आई फोनवरच असते, जवळ नाही. तिला सांगितलं की मी फोन केला आणि काय बोलले नाही तर समजायचं, आणि मला प्रश्न विचारायचे नाहीत, तूच काहीतरी बोलत राहायचं. पहिल्यांदा बिचारीला काय बोलावं सुचेना, मग सकाळी कपिलतीर्थ मार्केटात गेलेली त्याचे भाव सांगायला लागली. वांगी कशी, कोथिंबीर कशी महागलीय, कुठली बाई वजनात मारते. मी ऐकत बसले. आता ती तेच करते, मध्येच विचारते "तू असतीस तर कुठली वांगी घेतली असतीस, काटेरी का बिनकाट्याची?" तेवढं उत्तर आलं की तिला कळतं पोरगी लायनीवर आली.

विद्यापीठ, हॉस्टेल

आमचा कोडवर्ड आहे. "चार्जर कुठाय" म्हटलं की रूममेट मला उठवून बाहेर नेते, क्लास असो, मेस असो, लग्न असो. कुणाला काय स्पष्टीकरण द्यायला लागत नाही. एकदा केएमटीच्या बसमध्ये म्हटलं तर शेजारच्या काकूंनी पर्समधनं खरंच चार्जर काढून दिला.

फसलेला अनुभव

मागितलाय म्हणून लिहितो. मी वहिनीला सांगितलं, ती चांगलीच आहे, तिनं काळजीपोटी तिच्या आईला सांगितलं, तिथनं भावकीत, आठवड्यात गावाकडनं चुलत्यांचा फोन, "मेंदूचं काय झालंय म्हणं तुला?" लग्नाचं बघत होते घरात, ते स्थळ पण मागं गेलं, कारण कुणी तोंडावर सांगितलं नाही पण कळतंय की. तेव्हा काय करायचं ते सांगता त्याच वेळी कुणाला सांगायचं नाही ते पण सांगा. आता मी भावाला सांगितलं तेव्हा सुरुवातच तिथनं केली. अटॅकच्या वेळी कोण आलं गेलं तर काय म्हणायचं ते सुद्धा ठरवून ठेवलंय, "बीपी लो झालंय". बीपीला लोक मान देतात.

महाद्वार रोडवर एकटी जाते आता

मला जरा उलटं सांगायचंय. सगळे सांगताय घरच्यांनी साथ द्यावी, माझ्या मिस्टरांनी इतकी दिली की मी त्यांच्याशिवाय दाराबाहेर पडेना. भाजीला ते, बँकेत ते, अंबाबाईला ते. पाण्याची बाटली, गोळीची पट्टी, मिस्टर, तिन्ही बरोबर पाहिजेत. अटॅक कमी झाले होते, कबूल, पण मी कुठं जातच नव्हते मग येतील कशाला. डॉक्टरांनी त्यांना पण आत बोलावलं आणि म्हणाले आता हळूहळू मागं सरका. मला राग आला होता त्या दिवशी, दोघांचा.

मग असं केलं, महाद्वार रोडला मी पुढं आणि ते मागनं दहा पावलांवर. नंतर ते भवानी मंडपात थांबले आणि मी एकटी आत जाऊन आले. नंतर बिंदू चौकात गाडीवर. मध्ये एकदा बांगड्यांच्या दुकानासमोर गर्दीत मला आला, मी त्यांना फोन लावला, आणि आमचं ठरलं होतं त्याप्रमाणं ते धावत आले नाहीत. म्हणाले, "मी फोनवर आहे, तू उभी राहा तिथंच, उतरला की निघ." दुकानाच्या काचेतल्या हिरव्या बांगड्या बघत उभी राहिले, दुकानदार विचारतोय ताई कुठला साइज, मला बोलता येईना. उतरला. घरी आल्यावर ते म्हणाले धावत न येणं हे मला आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम वाटलं. गोळी चालू आहे अजून, रोजची, तिचा गुण यायला काही आठवडे लागले, मधेच सोडू नका कुणी. ती दुसरी, झटक्यात बरं करणारी, तिची मात्र सवय लागते, ती डॉक्टरांना विचारूनच.

पहिल्यांदाच लिहितोय, उचगाव

मी वडील आहे. मुलगी बारावीला, रात्री झोपेतनं दचकून उठते, घामाघूम, म्हणते श्वास बसत नाही. डॉक्टर झाले, रिपोर्ट नीट आहेत, झोपेत पण पॅनिक येतो म्हणाले. पण ती आम्हाला काय सांगत नाही, विचारलं की "काही नाही" म्हणून तोंड भिंतीकडं. तुमच्यातल्या सगळ्यांनी स्वतः सांगितलंय. न सांगणाऱ्याला कसं विचारायचं?

तालमीतला

काका रात्री विचारू नका. गाडीवर विचारा.

शिवाजी पेठ, एकत्र कुटुंब

आणि "काय होतंय" असं नको, ती काही नाहीच म्हणणार. दोन पर्याय द्या. मी खोलीत येऊन बसू का दाराबाहेर बसू? दिवा लावू का नको? मान हलवण्यापुरतं विचारा. मार्कांचा विषय त्याच गाडीवर काढू नका म्हणजे झालं.

उचगाव

बरं. रविवारी क्लास सुटल्यावर आणायला मीच जातो तिला. तेव्हा बघतो.