मिशिगनकडून हरलेला ओहायो स्टेटचा अमेरिकन फुटबॉल संघ महिन्याभरात इतका कसा बदलला?

कोलंबसकर: मी ओहायो स्टेट विद्यापीठाजवळच राहतो. ३० नोव्हेंबर २०२४ ला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० ने हरलो, तेव्हा गल्लीत सुतक होतं. प्रशिक्षक रायन डे यांना हाकला म्हणणारे शेजारी जानेवारीत संघ राष्ट्रीय विजेता झाल्यावर त्यांचाच जयजयकार करत होते! जादू प्रशिक्षकाची की पोरांची?

जुना_लाइनबॅकर: पोरांची जास्त. हरल्यावर खेळाडूंनी स्वतःची बैठक घेतली आणि एकमेकांना चांगलंच सुनावलं. हे कोणाचंही काम नाही. जॅक सॉयर, इग्बुका, हेंडरसन हे खेळाडू एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) जाऊ शकत असताना कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी थांबले होते. एवढं सोडून आलेला माणूस बोलला की नवखा मान खाली घालून ऐकतो. पगारी प्रशिक्षकाचं तेवढं कोण ऐकतंय?

कोलंबसकर: पण बोलून टॅकल होत नाही ना, समोरच्याला मैदानात पाडावंच लागतं.

जुना_लाइनबॅकर: मग जानेवारीतली टेक्सासविरुद्धची मॅच परत बघ. टेक्सासचा चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, ओहायो स्टेटच्या गोललाइनजवळ, सॉयरने त्यांच्या क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) यूअर्सच्या हातून बॉल उडवला आणि ८३ यार्ड पळत सुटला. यूअर्स म्हणजे त्याचा जुना रूममेट, बरं का! २८-१४ ने जिंकलो.

डेटा_भाऊ: बैठकीला उगाच डोक्यावर घेऊ नका. त्याआधी टेनेसीला ४२-१७, ओरेगॉनला ४१-२१ हरवलं ते जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) होता म्हणून. गुणी पोरं नसतील तर बैठकीत नुसता चहाच होतो.

जुना_लाइनबॅकर: गुणी पोरं मिशिगनविरुद्धही हीच होती की रे भाऊ.